उचलणारा धरमसिंग

पोलीस ठाण्यात 'उचलणं' या शब्दाचे दोन अर्थ. एक चोर उचलणं, दुसरा मढं उचलणं. शिपाई धरमसिंग दोन्हीत वस्ताद. विहिरीत कोणी पडो की अनसिंग रोडवर गाडी उलटो, बाकीचे नाकाला रुमाल लावून उभे. जमादार रामराव हाक मारणार, "धरमसिंग, उचल रे." गडी उचलायचा, घरी येऊन आंघोळ करायचा आणि जेवायला बसायचा. लोक म्हणत, दगडाचा माणूस. दगडाचा कुठला, बोलायचा नाही एवढंच!

मग एक ऑटो उलटला. त्यातली पोर त्याच्या हातात "मले घरी ने" म्हणत होती. दवाखाना यायच्या आत बोलणं थांबलं. हातात हिरव्या बांगड्या, त्याच्या लेकीच्या, राखीच्या हातातल्यासारख्याच.

तेव्हापासून धरमसिंगनं स्वतःच्या लेकीला उचललं नाही. राखी हात वर करून उभी राहायची, हा बूट काढत बसायचा.

"काहून उचलत नाही मले? जाडी झाली का मी?"

त्याची बायको रीता पोळ्या लाटायची थांबली. "तुमी वाशिमले जा. मनाच्या डॉक्टरकडे."

"येडा म्हणतील. ड्युटीवरून काढतील."

"म्हणू द्या. पोरगी काय म्हणून राह्यली ते ऐकलं ना?"

सोमवारी गेला बापडा. ठाण्यात सांगितलं, बीपी तपासायला चाललो. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, चोरासारखा बाकावर बसला. शेजारी आणखी एक दुपट्टेवाला. खोकला ओळखीचा वाटला. दुपट्टा सरकला, तर आत जमादार रामराव.

"बीपी?" रामरावांनी विचारलं.

"बीपी. तुमाले?"

"मलेबी."

दोघं इतके हसले की नर्सबाई रागावल्या. मग रामराव हळूच म्हणाले, "तुलेच हाक मारत होतो, कारण माह्याच्यानं ते पाह्यल्या जात नव्हतं रे."

डॉक्टरीणबाईंनी त्या पोरीचं सगळं सांगू दिलं. धरमसिंग ढसाढसा रडला. असे बरेच सोमवार गेले. नोकरीला धक्का लागला नाही. रामराव अजूनही हाक मारतात, पण आता दुसरी बाजू धरायला स्वतः येतात.

परवा सकाळी राखी दप्तर घेऊन दारात उभी होती. हात वर नव्हते, सवयच मोडली होती तिची. धरमसिंगनं तिला उचललं आणि छातीशी धरलं. रीता पदरानं डोळे पुसत राहिली.

"सोडा ना बाबा, शाळेले उशीर होऊन राह्यला."

"होऊ दे," धरमसिंग म्हणाला.