क्षय नव्हे, थकलेलं हृदय

आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर महिन्याभरात मी दारव्ह्याला डॉ. विनायकराव आसरकर यांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. डॉक्टरांनी माझे शिक्षण विचारले नाही. स्वतःचा हात पुढे केला आणि नाडी मोजायला सांगितली. मी हुशारी करून पंधरा सेकंद मोजली आणि चारने गुणले. "गणित चांगलं आहे तुमचं गणवीर," ते म्हणाले, "आता नाडी मोजा." पूर्ण मिनिट मोजले तेव्हा कुठे नोकरी पक्की झाली. मला 'तुम्ही' म्हणणारे ते माझ्या आयुष्यातले पहिलेच साहेब.

घाई त्यांना ठाऊक नाही. एका बाजाराच्या दिवशी कापसाचे एक बडे व्यापारी आपल्याला आधी तपासा म्हणून अडून बसले. डॉक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, नंबर मात्र दिला नाही. दम लागणारा रोगी आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "झोपता कसे?" लोक गोंधळत. दम्याच्या औषधासाठी आलेल्या माणसाला झोपेची चौकशी कशाला? पण त्या एका प्रश्नावरून डॉक्टरांनी कितीतरी जणांचा दमा खोडून हृदयाचा विकार ओळखला आहे.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मला आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती त्यांच्या थोरवीची आहे आणि माझ्या फजितीची.

चार-पाच वर्षे बाटल्या भरल्यावर मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजू लागलो होतो. त्या सुमारास माझी धाकटी बहीण सुमन दिग्रसला सासरी बाळंत झाली. दीड महिन्याने भेटायला गेलो, तर पोरगी वाळून गेलेली, खोकत होती आणि थुंकी गुलाबी पडत होती. मी तिथल्या तिथे निदान केले: क्षय! ऐटीत हुकूमही सोडला की बाळाला आईपासून दूर ठेवा. तिच्या जावेने बाळ शेजारच्या घरात नेले आणि शेळीच्या दुधावर ठेवले. ते रडले की सुमन भिंतीला कान लावून बसायची.

दारव्ह्याला परतल्यावर, तिला क्षयाच्या दवाखान्यात न्यायचे म्हणून मी रजा मागितली. डॉक्टरांनी विचारले, "तपासलं कुणी?"

"मीच, साहेब."

 रविवारी सकाळी ते दिग्रसच्या एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले.

सुमनला त्यांनी आडवे व्हायला सांगितले. ती घाबरली. "नाही हो डॉक्टरसायेब, पडली का जीव कोंडते. बसूनच झोपून राह्यली मी."

"बाळंतपणाची सूज हाये पायावर, उतरन," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. सुमन बसलेली असतानाही मानेच्या शिरा टम्म फुगलेल्या होत्या. हृदयाचा ठोका जिथे लागायला हवा तिथे न लागता पार काखेकडे सरकला होता. मग बराच वेळ डोळे मिटून ते नळी लावून ऐकत राहिले आणि ती नळी माझ्या कानात दिली. दोनच्या जागी तीन ठोके ऐकू येत होते, दौडणाऱ्या घोड्याच्या टापांसारखे.

"क्षय दिसत नाही," ते म्हणाले. "झडपांचा आवाजही स्वच्छ आहे. हृदयाचा स्नायूच थकला आहे. बाळंतपणानंतर असं क्वचित होतं. फुप्फुसात पाणी साठलं, म्हणून थुंकी गुलाबी. यवतमाळला थुंकी आणि छातीचा एक्स-रे फोटो तपासून घेऊ, म्हणजे शंका उरणार नाही."

सुमनने एकच विचारले, "मंग माह्यं लेकरू?"

"दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या की त्याच दिवशी तुमच्या मांडीवर."

थुंकीत काही निघाले नाही. फोटोत फुप्फुसे क्षयापासून मोकळी होती, हृदय मात्र पसरलेले. ते ऐकून मी यवतमाळच्या स्टँडवर लहान पोरासारखा रडलो. बाळ त्याच संध्याकाळी आईकडे आले. मीठ बंद झाले, लघवी वाढवणारी इंजेक्शने आणि हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. "स्नायू पूर्ववत होईलच असं मी म्हणणार नाही," हे डॉक्टरांनी साफ सांगितले होते. सात-आठ महिन्यांनी दुसरा फोटो आला तेव्हा हृदय जागच्या जागी होते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि नुसते हसले. पुढे मूल होऊ द्यायचे नाही, हेही त्यांनी मेहुण्यांना आणि सासूबाईंना समोर बसवून बजावले.

त्या रविवारी काहून बाळ तोडले, असे सासूबाईंनी विचारलेच होते.  डॉक्टर म्हणाले, "शंका होती तोवर जपणं बरोबरच. भावाने मला वेळेवर आणलं, हे महत्त्वाचं." आणणारा मी कसला, तेच आले होते. वाटेत मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "माझ्याही चुका आहेत, गणवीर. आता नळी वापरायला शिका." आणि खरोखरच शिकवले.

इतकी वर्षे हे मी झाकून ठेवले. छापायला देण्यापूर्वी लेख सुमनला वाचून दाखवला.  ती म्हणाली, "लेकराबिगरचे नऊ दिवस होते ते, दादा. मी मोजले होते."

 तिने माझ्या हातातले कागद काढून घेतले, नीट घडी घातली आणि परत दिले. "दे छापायले. अन् वरून लिव, डॉक्टरसायेबाले लई आयुष्य लाभो. नऊच दिवस झाले ते त्यायच्यामुळं. नाहीतर जनमभर मोजत बसली असती मी."

माझ्यातर्फेही हेच मागणे. डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो.