लॉन्ड्रीवाल्या वहिनी सिनेमाला गेल्या

सिनेमा एका दारुड्याच्या संसारावर आहे हे कळताच वहिनींनी तिकिटं लेकीच्या हातात परत ठेवली.

"हा खेळ मी घरबसल्या कितीतरी वर्षं पाहिलाय. आता तिकीट काढून कशाला बघू?"

"बाबांनीच आणायला सांगितलीत," लेक म्हणाली. वहिनींनी तिकिटं परत घेतली.

गल्लीच्या तोंडाशी त्यांची लॉन्ड्री. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायची. नवरा घरं रंगवायचा, म्हणून तो सगळ्यांचा पेंटर. हात सफाईदार, स्वभाव गोड. पण पेंटर प्यायला लागले की काम अर्ध्यावर टाकून गायब व्हायचे. मग ज्यांची भिंत अर्धी राहिली ते लॉन्ड्रीत येऊन उभे राहायचे. वहिनी शर्टावरची इस्त्री न थांबवता सांगायच्या, "ताप आलाय हो," "कंबर धरलीय हो." ही थाप इतकी जुनी झाली की एकदा पेंटर खरोखर तापाने फणफणले, तेव्हा डॉक्टर सोडून कुणाचा विश्वास बसला नाही.

पुढे एकदा ते शिडीवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या ते स्वतःच म्हणाले, "मला कुठेतरी ठेवा. माझ्याच्याने घरी राहून हे सुटणार नाही." व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला नेमाने जायला लागले. दारू सुटली. गल्लीने वहिनींचं तोंडभरून कौतुक केलं. पण पेंटरची दारू सुटली तरी वहिनींचा पहारा काही सुटला नाही. धुवायला टाकलेला त्यांचा शर्ट त्या आधी हुंगायच्या. टर्पेंटाइनच्या वासाखाली दुसरा वास असला तर तो हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंगाचे डबे हलवून बघायच्या. नवऱ्याला यायला उशीर झाला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि तो आला की बोलण्याआधी त्याची चाल बघायच्या.

थिएटरात पहिल्या भागात नायक प्यायचा, पडायचा, रडून माफी मागायचा. वहिनी हाताची घडी घालून कोरड्या डोळ्यांनी बघत होत्या. शेजारी पेंटरना मात्र घाम फुटला होता. मग नायक दारू सोडून घरी आला. लोकांना वाटलं, संपलं आता. पण सिनेमा तिथूनच खरा सुरू झाला. नायक मुलाचा अभ्यास घ्यायला बसला, तर बायकोने पुस्तक ओढून घेतलं. "तू राहू दे, मी घेते." पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग तो अंघोळीला गेला आणि बायको बंद दाराला कान लावून उभी राहिली. श्वास रोखून. आत बाटलीचा आवाज येतोय का, ऐकत.

वहिनी ताडकन उठल्या आणि बाहेर गेल्या.

पेंटर मागोमाग आले. लॉबीतल्या बाकावर वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. पेंटरनी चहाचा कप पुढे केला.

"माझंच चुकलं. तुला इथे आणायला नको होतं. तो पडला तेव्हा मला वाटलं, सगळं थिएटर मागे वळून माझ्याकडे बघतंय."

"तो पडल्याचं मला काही वाटलं नाही," वहिनी म्हणाल्या. "ती दारापाशी उभी राहिली ना, ते बघवेना. मीही तशीच उभी असते, अहो."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. दाराच्या फटीत तुझी सावली दिसते. म्हणून तर मी आत गाणी म्हणतो. म्हटलं, आवाज ऐकू आला की तुझा जीव भांड्यात पडेल."

वहिनींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "म्हणजे तुम्हाला गाण्याची आवड नाही?"

"अगं, माझा सूर ऐकून तुला वाटलं तरी कसं!"

दोघंही इतक्या जोरात हसले की तिकीट तपासणाऱ्याने मान वर केली. हसता हसता वहिनींना पुन्हा रडू आलं. पेंटर शेजारी बसून राहिले. मग दोघं आत गेले. उरलेल्या सिनेमात ती बायको पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी भरणाऱ्या मीटिंगला जाऊ लागते, तिथे आधी नवऱ्याबद्दल आणि मग हळूहळू स्वतःबद्दल बोलायला शिकते. शेवटी ना मिठी, ना गाणं. बाहेर पडताना एकजण कुरकुरला, "हा काय शेवट झाला?" वहिनींना मात्र तो शेवट पटला होता.

पुढच्याच महिन्यात पेंटरना दुसऱ्या गावी एका शाळेचं काम आलं. आठवडाभर तिथेच राहायचं होतं. एरवी वहिनींनी शंभर कारणं काढली असती. या वेळी त्यांनी बॅग भरून दिली, आणि ते गेल्यावर स्वतः घरच्यांच्या मीटिंगला जाऊन बसल्या. तिथे त्यांना दोन वाक्यंसुद्धा धड बोलता आली नाहीत. शेजारची बाई म्हणाली, "मी तर पहिल्या वेळी नुसता चहा पिऊन पळाले होते."

पेंटर परत आले ते केसांत पांढरा रंग घेऊन. जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं, "गुरुवारी संध्याकाळी बरोबरच्या माणसांनी बाटली उघडली. मी उठून वॉचमनच्या खोलीत जाऊन बसलो. आमच्या मीटिंगमधल्या मास्तरांना फोन लावला."

"मला नाही लावला?"

"तुला लावला असता तर तुला झोप लागली असती का?"

वहिनींना आधी राग आला. इतकी वर्षं सगळं आपण निस्तरलं आणि ऐन वेळी आठवण झाली ती मास्तरांची! घास हातातच राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं, की त्या संध्याकाळी आपण लेकीबरोबर पाय पसरून टीव्ही बघत होतो आणि आपल्यावाचून काही अडलं नव्हतं. त्यांनी भाजीचं भांडं नवऱ्याकडे सरकवलं.

"बरं केलंत. मास्तरांना एकदा जेवायला बोलवा."

त्यानंतर पेंटरनी लॉन्ड्री रंगवायला काढली. त्यांना पिवळा हवा होता, वहिनींना निळा. कपड्यांचे गठ्ठे मधे ठेवून दोघं हमरीतुमरीवर आले. चढलेले आवाज ऐकून लेक आतून धावत आली, दारातच थबकली.

"काय झालं?"

"तुझ्या आईला रंगातलं ओ की ठो कळत नाही!"

"आणि दुकान कुणाचं आहे, ते विचार जरा तुझ्या बाबांना!"

लेकीने दोघांकडे नीट पाहिलं, सुटकेचा श्वास सोडला आणि आपलं पुस्तक घेऊन परत आत गेली. भांडण चांगलं दुपारपर्यंत चाललं.