त्याले सांग, हाऊ येडा शे

मालकाने छत्रीच्या दांड्याने माझ्या बापाच्या हातावर मारलं. फार जोरात नाही. ढोर वळवायला मारतात तेवढंच.

बापाने हात पुढे केला होता, कारण पाहुण्याने आधी केला होता. पाहुणा मेक्सिकोचा. गव्हाचा जाणकार. तिकडचं बुटकं गव्हाचं बियाणं आपल्याकडे नुकतंच आलं होतं, आणि तापीकाठच्या आमच्या गावात मालकाच्या रानात त्याचा नमुन्याचा तुकडा पेरला होता. तो बघायला पाहुणा जीपने आला. सोबत शेतकी खात्याचे साहेब. बांधाजवळ निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. तिघं बसले. मी उभा. मी दुभाषी.

मालकाने बापाला ओंब्यांची जुडी कापून आणायला सांगितलं. बापाने आणली. पाहुण्याने जुडी घेतली, मांडीवर ठेवली, आणि उठून हात पुढे केला. बापाला आधी कळलंच नाही. मग त्याने धोतराला हात पुसला आणि पुढे केला. तेवढ्यात छत्री आली.

"बाजूले व्हय रे!"

पाहुणा बघत राहिला. त्याचा हात तसाच. मालक हसला. पाहुण्याला काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून माझ्याकडे वळला.

"त्याले सांग, हाऊ येडा शे. याले काही समजस नई."

येडा. माझा बाप. आणि ते मी सांगायचं. माझ्या तोंडाने.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी मी तिथं कसा पोचलो ते सांगितलं पाहिजे. भिलाचं पोर आणि स्पॅनिश, हे ऐकून लोक अजूनही हसतात.

बाप मालकाचा सालदार. वर्षभराचा गडी. मालकाची केळी, मालकाचा कापूस, मालकाची जनावरं. घरी आम्ही आमची बोली बोलायचो. गावात अहिराणी. शाळेत गेलो तर तिथं तिसरीच भाषा, मराठी. मास्तर म्हणायचे, "शे नाही, आहे म्हण." मी आहे म्हणायला शिकलो. मग शहाद्याला वसतिगृहात राहिलो, तिथं इंग्रजी आली. सरकारी शिष्यवृत्तीवर पुढं सरकत राहिलो. हुशार होतो असं नाही. थांबलो नाही, एवढंच. आमच्यातले बाकीचे थांबले, कारण त्यांना कुणी ना कुणी थांबवलं.

असा मी विद्यापीठापर्यंत गेलो. लांबच्या शहरात. विषय घेतला पर्सोनेल मॅनेजमेंट. आता त्याला ह्यूमन रिसोर्स का काय म्हणतात. कामगार कसा निवडावा, कसा टिकवावा, त्याची तक्रार कशी ऐकावी. मला वाटलं, हे आपल्याच लोकांबद्दल आहे. म्हणून घेतला.

होतंही आमच्याबद्दलच. पण आमच्याशी बोलल्यासारखं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरने गुरांबद्दल बोलावं, तसं.

एक दिवस सर गैरहजेरीवर शिकवत होते. म्हणाले, सातपुड्याकडचा मजूर होळी आली की काम टाकून निघून जातो. दंड करा, समजवा, उपयोग नाही. मग माझ्याकडे बोट केलं. "कारण आपल्याला हा सांगेल. हा त्यातलाच आहे."

सगळा वर्ग मागे वळला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, ते घरी जातात."

वर्ग हसला. सरही हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. मुंबईची पोरं दिवाळीला घरी जात. सर स्वतः गणपतीत कोकणात जात. त्याला रजा म्हणत. आमच्या जाण्याला गैरहजेरी म्हणत. धड्यातही तसंच छापलेलं होतं.

वसतिगृहात मला "ए शे" अशी हाक पडे. रागावलो की तोंडून शे निघायचं म्हणून. मग मी रागावणं बंद केलं. त्यानेही दमायला होतं. राग गिळून जेवायला बसायचं, राग गिळून झोपायचं. वर्षभर हेच.

स्पॅनिशचं कारण साधं होतं. विद्यापीठात संध्याकाळी परदेशी भाषांचे वर्ग भरत. शिष्यवृत्तीत बसत होते. फ्रेंचला गर्दी, जर्मनला गर्दी. स्पॅनिशला मूठभर माणसं. मला गर्दी नको होती.

शिकवायला गोव्याच्या बाई होत्या. वयस्कर. नवरा जहाजावर होता, त्याच्या मागे त्या दक्षिण अमेरिकेत बरीच वर्षं राहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांकडून एकच वाक्य म्हणवून घेतलं. सगळ्यांचं चुकलं. वकिलाच्या मुलाचं चुकलं, कलेक्टरच्या भाच्याचं चुकलं, माझं चुकलं. कुणी कुणाला हसलं नाही. सगळेच सारखे अडाणी. असा वर्ग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

बाईंनी शिकवलं, तिथंही दोन हाका आहेत. एक 'तू'. शब्दसुद्धा तोच, तू. दुसरी 'उस्तेद'. आपलं तुम्ही. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला, मान द्यायचा त्याला उस्तेद.

मी विचारलं, "बाई, शेतात काम करणाऱ्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं?"

बाई म्हणाल्या, "म्हातारा आहे ना? मग उस्तेद."

मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणायला पाहिजे. तिथले जमीनदार म्हणत नाहीत. ते तू म्हणतात." बाई खोटं बोलायच्या नाहीत.

माझ्या बापाला उभ्या जन्मात कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. मालकाचं शेंबडं पोरही त्याला ए म्हणायचं. आणि आपल्याला आणखी कुठली हाक असू शकते, हे बापाला ठाऊकच नव्हतं.

शेवटच्या वर्षी होळीला घरी आलो. हो, गैरहजर राहून. माझी याहा, म्हणजे आई, अंगण सारवत होती. मालकाचा निरोप आला, पोराला पाठव. गेलो. ओट्याखाली उभा राहिलो. मालक चांगल्या मूडमध्ये होता.

म्हणाला, "परदेशी मानूस येई ऱ्हायना. त्यानी भाषा तुले येस म्हने?"

"येते."

"मंग तू बोलजो." आणि मग मोठी गोष्ट सांगितली. नंदुरबारच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याची भागीदारी होती. तिथं मजूर सगळे आमचेच. "परीक्षा व्हयनी की जिनमा ये. ऑफिसर करस तुले. तुन्हा लोके तुन्हीच बोलीमा हाक. तुन्हं ऐकतीन."

मी घरी येऊन सांगितलं. याहाने सारवण तसंच टाकलं आणि सगळ्या पाड्यात सांगत सुटली. पोरगा ऑफिसर होणार. बापाने त्या संध्याकाळी नवं धोतर नेसलं. तेच धोतर नेसून तो दुसऱ्या दिवशी ओंब्या घेऊन आला होता.

तर आता परत निंबाखाली.

तोवर बराच वेळ मी मालकाचं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगत होतो. मालक म्हणत होता, मी पेरलं, मी पाणी दिलं, मी राखण केली. मी ते जसंच्या तसं सांगत होतो. पेरलं बापाने होतं. पाणी बापाने दिलं होतं. पण दुभाष्याने मध्ये बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

मग छत्री. मग ते वाक्य.

"बोल ना. तोंडमा काय मिठनी गुळनी धरी का?"

बाप तिथंच उभा होता. मान खाली. मारलेला हात त्याने दुसऱ्या हातात धरला होता. त्याला येडा हा शब्द कळला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ते सांगणार, असंच त्याला वाटत होतं. त्याला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. छत्रीपेक्षा जास्त.

मी पाहुण्याला स्पॅनिशमध्ये म्हणालो, "हे माझे वडील आहेत. हा गहू यांनी पेरला. यांनीच वाढवला."

मग बापाकडे वळून त्याच भाषेत म्हणालो, "हे पाहुणे तुम्हाला हात देतायत. उस्तेद." बापाला काय कळणार! पण मला म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मग मालकाकडे वळलो. मी काय बोललो ते त्याला अहिराणीत सांगितलं. काही लपवलं नाही. "मी त्यासले सांगं, हाऊ मन्हा बाप शे. गहू यानी पेरेल शे. तुम्ही जे सांगं ते मी सांगाव नई."

शेतकी साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाहुण्याने बापाचा हात धरला, हलवला, सोडला. मग तो खाली बसला आणि गव्हावर तांबेरा रोग पडला का ते विचारू लागला. त्याच्या देशातही असंच चालत असेल. त्याला पुढच्या गावी जायचं होतं. मी त्याला दोष देत नाही. पण तो काही आमच्यासाठी आला नव्हता.

मी तांबेऱ्याचं उत्तर सांगितलं. काम अर्धं टाकलं नाही. जीप गेली.

जीपची धूळ बसायच्या आत मालक म्हणाला, "मन्हा जीववर शिकना आनि मालेच शिकाडस?" त्याच्या जीवावर मी शिकलो नव्हतो. पण तो आता मला नाही, बापाला बोलत होता. "सकायपाशीन येऊ नको."

एवढ्या वर्षांचा सालदार. एका वाक्यात सुटला.

बाप मला शाबास म्हणाला असेल, असं कुणाला वाटत असेल तर सांगतो. नाही म्हणाला. पाड्याजवळ आल्यावर थांबला, आणि आमच्या बोलीत म्हणाला, "तू परत शहरात जाशील. मला इथंच राहायचं आहे."

मी म्हणालो, "तो तुम्हाला येडा म्हणाला."

"म्हणू दे. मी झालो असतो का?"

याहाने त्या रात्री चूल पेटवली नाही. होळीचे ढोल वाजत होते आणि आमच्या घरात कुणी उठलं नाही.

पुढं बाप रनाळ्याकडे दुसऱ्याच्या रानात लागला. तिथंही ए. मी परत गेलो, परीक्षा दिली. दोन्ही पास झालो, पर्सोनेलही आणि स्पॅनिशही. स्पॅनिश पुन्हा कुणाशी बोलायची वेळ आली नाही.

निकालानंतर मालकाचा निरोप आला. त्याला माणूस हवाच होता. आमची बोली येणारा दुसरा शिकलेला कुठून आणणार? त्याने बोलावलं. मी गेलो. या वेळी ओट्यावर चढलो आणि विचारल्याशिवाय बसलो. मालकाने ते पाहिलं, पण सोडून दिलं.

"माफी माग. सगळं मिटी जाई. नोकरी तुन्ही."

मी त्याच्याशी मराठीत बोललो. शाळेतल्या, ऑफिसातल्या मराठीत. मुद्दाम.

"माफी तुम्ही मागायची आहे. माझ्या वडिलांची. इथं नाही. त्या निंबाखाली, सगळ्या सालदारांसमोर. त्यांना 'तुम्ही' म्हणून मागायची."

तो हसला. खरंच हसला, पोट धरून. त्याला ते इतकं अशक्य वाटलं. आतून त्याची बायको डोकावून गेली.

"जाय. येडा शे तू बी."

मी उठलो. पायऱ्या उतरलो. ऑफिसर झालो नाही. पुढं नवापूरपासून तळोद्यापर्यंत मजुरांमध्ये काम केलं. मालक लोकांनी आम्हाला हाताळायला जे लिहून ठेवलंय ते मी त्यांना वाचून दाखवलं, समजावून दिलं. संघटना बांधली. मोडली. पुन्हा बांधली. गुडघे गेले त्यात.

बाप मेला तेव्हा माफी आली नव्हती. मालक मेला, तेव्हाही नाही. मी त्याच्या मुलाकडे गेलो. तो शिकलेला, गोड बोलणारा. चहा दिला, खुर्ची दिली, मला तुम्ही म्हणाला. म्हणाला, "काका, जुनं झालं ते. आता कशाला?"

मी चहा घेतला नाही.

मी दमलोय. खोटं कशाला सांगू? पण दमलेल्या माणसाने गप्प बसावं, असं कुठे लिहिलेलं नाही. मला खुर्ची नको, चहा नको, मला दिलेला मान नको. माझ्या बापाची माफी पाहिजे. जाहीर. मी मागत राहणार. माझ्या पोरीलाही मी सांगून ठेवलंय, माझ्यानंतर तू मागायची.