मध्यरात्रीचा सूर्य आणि ऑगस्टची क्रूझ

मी एका शब्दाचं खोटं बोललो. तो शब्द होता ‘हो’. समोर सुभद्राबाई बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, “म्हणजे सूर्य दिसेल ना?” आणि दिसणार नाही, असं सांगणारं पत्र माझ्याच टेबलावरच्या फाईलमध्ये होतं. ते मी आदल्या दिवशी वाचलं होतं.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. कोल्हापुरात बोटीच्या तिकिटांचं एक छोटं ऑफिस होतं, तिथं मी बुकिंग क्लार्क होतो. मुंबईच्या मोठ्या एजन्सीचे आम्ही उप-एजंट. विलायतेला शिकायला जाणारी मुलं आणि आफ्रिकेत दुकानं असलेले व्यापारी, एवढंच आमचं गिऱ्हाईक. भिंतीवर मात्र पांढऱ्याशुभ्र बोटींची मोठमोठी चित्रं होती. शेजारच्या तालमीतले पैलवान दुपारी पंख्याखाली बसायला यायचे आणि त्या चित्रांकडं बघत विचारायचे, “ही बोट पंचगंगंत बसंल का हो?” मालक गंभीर चेहऱ्यानं “आडवी बसंल,” म्हणायचे. ते ऑफिस आता नाही. तिथं कापडाचं दुकान आहे. अजूनही तिथून जाताना मला टाईपरायटरच्या रिबनचा वास येतो.

सुभद्राबाईंबरोबर त्यांचे भाऊ आले होते. शाहूपुरीत गुळाची अडत, डोक्याला फेटा, आवाज रस्त्यापर्यंत जाणारा. सगळं मार्केट त्यांना आबा म्हणायचं. बाईंपेक्षा दोन वर्षांनी धाकटे, पण घरचे कर्ते तेच.

“पाटणकर,” आबा बसायच्या आधीच म्हणाले, “आक्काला बर्फाचा मुलूख बघायचाय. दोन हायत. त्यातला बरा कुठला ते सांगा आन् तिकीट फाडा.”

दोन कसे, ते त्यांनीच सांगितलं. सर्वांत धाकटा भाऊ लंडनला डॉक्टर होता, थोरल्या बहिणीचा मुलगा कॅनडात व्हँकुव्हरला इंजिनिअर. दोघांनीही बाईंना बोलावलं होतं आणि दोघांनीही एकेका क्रूझची रंगीत पुस्तिका पाठवली होती. क्रूझ म्हणजे अशी बोट, जिला कुठं पोचायचं नसतं. माणसांना फिरवून, चार ठिकाणं दाखवून परत आणणं एवढंच तिचं काम. भावाची क्रूझ इंग्लंडहून नॉर्वेला जाणारी, भाच्याची व्हँकुव्हरहून अलास्काला. परकीय चलनाची परवानगी त्या काळी सहजासहजी मिळत नसे. एकच प्रवास होणार, हे बाईंना ठाऊक होतं.

मी दोन्ही पुस्तिका चाळल्या. खरं सांगायचं तर चित्रं पाहिली. “नॉर्वे घ्या,” मी आबांना म्हणालो. “लंडनहून जवळ पडतं.”

“आबा, मी बोलू का?” बाई म्हणाल्या.

“बोल की! मी काय तुझं तोंड धरलंय?”

बाईंनी अलास्काची पुस्तिका उघडली. बर्फाची भिंत थेट समुद्रात उतरलेली. “इथं बोट जवळ नेऊन भोंगा वाजवतात,” त्या म्हणाल्या. “त्या आवाजानं कधीकधी कडा तुटून पाण्यात पडतो. हे बघायला मला फार आवडलं असतं.” मग त्यांनी ती पुस्तिका मिटली आणि दुसरीवर हात ठेवला. “पण नॉर्वेच्या टोकाला मध्यरात्रीचा सूर्य आहे. तीस वर्षं मी दिवा आणि चेंडू घेऊन तो शिकवला. दरवर्षी एक तरी मुलगी उठून विचारायची, बाई, तुम्ही बघितलाय? मी म्हणायचे, नाही बाळ, पुस्तकात आहे. पाटणकर, मला सूर्य द्या. बर्फ राहू दे.”

“सूर्य बघाय एवढ्या लांब?” आबा हसले. “दुपारी अडतीवर ये, डोक्यावर आणून ठेवतो.”

बाईही हसल्या. मीही हसलो. त्या दिवशी सगळं छान चाललं होतं.

मी साखळी जुळवली. मुंबईहून जूनच्या सुरुवातीची बोट, त्याला आम्ही सेलिंग म्हणतो. वीसएक दिवसांनी लंडन, मग जुलैच्या पहिल्या आठवड्यातली क्रूझ. मुंबईला तार केली, बर्थ मिळाला. बर्थ म्हणजे बोटीतली झोपायची जागा.

तिसऱ्या दिवशी आबा एकटेच आले, काखेत पंचांग.

“पाटणकर, काय केलंत हे? त्या दिवशी आमुशा हाय की!”

आमच्याकडं अमावास्येला माणूस मोठ्या प्रवासाला निघत नाही. बोटीच्या कंपन्यांना हे कोण सांगणार? असे प्रसंग आम्हाला नेहमीचे होते. गिऱ्हाईक तिथी सांगायचं, आम्ही सेलिंग बदलायचो. त्यात आमची हातोटी होती आणि तिचा मला अभिमानही होता.

“पंधरवड्यानं दुसरं सेलिंग आहे, आबा. पौर्णिमेला.”

“झ्याक. त्येच द्या. फरक काय पडत न्हाय न्हवं?”

“काही नाही. पंधरा दिवसांनी काय होतंय?”

हे मी विचार न करता बोललो. पंधरा दिवसांनी जुलैची क्रूझ हुकत होती आणि पुढची ऑगस्टमध्ये होती. ती नॉर्वेच्या टोकाला पोचणार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मला वाटलं, उन्हाळा तो उन्हाळाच. तिथला सूर्य काय घड्याळ लावून बसतोय?

नवी तारीख कळल्यावर बाई दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आल्या. एकट्या. “आमच्या पुस्तकात लिहिलंय, तो सूर्य जुलैअखेरपर्यंतच दिसतो,” त्या म्हणाल्या. “पण पुस्तक जुनं आहे. कंपनीला जास्त माहीत असेल. जरा विचारता?”

मी विचारलं. तेवढं मी नीट केलं. लंडनचं उत्तर हवाई टपालानं गुरुवारी आलं. त्या तारखेला सूर्य दोन-तीन तास बुडतो, मध्यरात्रीचा सूर्य पाहू इच्छिणाऱ्यांनी जुलैचीच क्रूझ घ्यावी. स्वच्छ लिहिलं होतं. आणि जूनच्या सेलिंगचा जुना बर्थ मुंबईनं शनिवारपर्यंत राखून ठेवला होता. एका तारेचं काम होतं.

मी पत्र मालकांकडं नेलं. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “फरक पडत नाही, असं आबांना कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“मग आता जाऊन सांग. सांग की तुमची अमावास्या मोडा, कारण आमच्या क्लार्कला माहिती नव्हती. आबा मार्केटातली दहा गिऱ्हाइकं आणतात. बघ बाबा, तुझं तू ठरव.”

त्यांनी मला खोटं बोल असं सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. ठरवलं मी.

शुक्रवारी बाई आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. “रात्रभर उजेड असतो, बाई,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“म्हणजे सूर्य दिसेल ना?”

“हो.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बशीत चहा ओतला. शनिवार गेला. बर्थ दुसऱ्या कुणाला तरी मिळाला असेल.

दिवाळीच्या आधी त्या कोल्हापूरला परत आल्या. मी रोज दाराकडं बघत होतो, पण आले आबा. त्यांनी माझ्यापुढं एक रंगीत कार्ड ठेवलं. दोन उंच कड्यांच्या मधे शिरलेला काळानिळा समुद्र. “आक्कानं तुमच्यासाठी आणलंय. ख्वाड मात्र नशिबाला. तिथं पोचली आन् ढग आलं. सूर्य न्हाई दिसला. आता ढगाला कोण काय करणार, सांगा!”

मला किती बरं वाटलं, ते लिहायला लाज वाटते. ढग असतील तर जुलैतही दिसला नसता! म्हणजे मी काहीच केलं नव्हतं. त्या ढगांच्या आडोशाला मी चार-पाच वर्षं आरामात राहिलो. बाई रस्त्यात भेटल्या की नमस्कार करायचो. त्याही करायच्या. ‘मुलगी कितवीत आहे,’ असं विचारायच्या.

माझी मुलगी त्यांच्याच शाळेत होती. मग एका वर्षी शाळेचा विशेषांक निघाला, त्यासाठी जुन्या शिक्षिकांकडून लेख मागवले होते. मुलगी स्वयंपाकघरात आईला सुभद्राबाईंचा लेख मोठ्यानं वाचून दाखवत होती. मी ताटावर होतो. बाईंनी फियॉर्डांचं, म्हणजे डोंगरात घुसलेल्या त्या समुद्राच्या खाड्यांचं, वर्णन केलं होतं; कड्यावरून पडणारे धबधबे, बोटीवरची थंडी. मग मुलीनं वाचलं:

“त्या दिवशी आकाश अगदी स्वच्छ होतं. मी घड्याळ घेऊन डेकवर बसले. सूर्य क्षितिजाला टेकला आणि बुडाला. बरोबरचे प्रवासी खाली झोपायला गेले. मी बसून राहिले. मुलींनो, आपल्या पुस्तकातली तारीख बरोबर होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, ही माझी चूक. तीस वर्षं शिकवूनही मी ती केली.”

ढग नव्हतेच. ते त्यांनी आबांसाठी आणले होते, घरात अमावास्येचं नाव निघू नये म्हणून. आणि छापताना दोष स्वतःवर घेतला होता. माझा घास तोंडातच राहिला. बायको म्हणाली, “मीठ कमी पडलंय का?”

आता माझं स्वतःचं छोटं बुकिंग ऑफिस आहे. मी माझ्या क्लार्कना दोन गोष्टी सांगतो. जो प्रवास करणार त्यालाच विचारा, त्याच्या बरोबर आलेल्याला नाही. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. गिऱ्हाईक त्यानं जात नाही, गेलं तरी परत येतं. हे शहाणपण सांगायला सोपं आहे. मला ते दुसऱ्याच्या सूर्याच्या जिवावर मिळालं.

तो लेख ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आबा अडतीवर असतील अशी वेळ बघून मी राजारामपुरीत त्यांच्या घरी गेलो. बाई व्हरांड्यात गव्हातले खडे निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लंडनचं पत्र, शनिवारपर्यंत असलेला बर्थ, माझं ‘हो’.

त्यांचे हात थांबले. “पत्र कधी आलं होतं?”

“गुरुवारी.”

“आणि मी आले शुक्रवारी.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “मला सांगितलं असतंत, तर आबाला मी समजावलं असतं. नाही तर भाच्याकडं गेले असते, कडा पडताना बघितला असता. काही तरी केलं असतं. मला निवड करू द्यायची होती, पाटणकर.”

त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं.

“आबाला यातलं काही सांगू नका,” त्या म्हणाल्या. “त्याला वाटेल त्याच्या हट्टानं झालं.”

“त्यांच्यानं नाही झालं, बाई,” मी म्हणालो. “आणि तुमच्याही नाही. लेखात तुम्ही चूक तुमची म्हणून लिहिलीत, ती माझी आहे. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. इतकी वर्षं तुम्हाला नमस्कार करत आलो आणि बोललो नाही, तेही चुकलं. मला क्षमा करा.”