मी लिहिलेला मोटारीचा इतिहास

लोणावळ्यात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक काहीबाही लिहून घ्यायला येऊ लागले. असेच एकदा पुण्याचे एक कारखानदार आले. त्यांनी एक जुनी विलायती मोटार विकत घेतली होती. स्वातंत्र्याच्या आधीची, तशा गाड्या देशात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या. परंदवडीजवळच्या एका शेडमध्ये तिचं काम चाललं होतं. ते पुरं झालं की गाडी प्रदर्शनात उतरवायची होती आणि त्यासाठी तिचा इतिहास इंग्रजीत हवा होता. कुणाची होती, कुठे होती, कशी सापडली.

गाडी सापडली होती लोणावळ्याजवळच्या औंढे गावात, एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या गोठ्यात. म्हणून मी आधी तिथे गेलो.

ऐंशीच्या घरातले आबा ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. ज्या शेठची ही गाडी, त्यांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर ते तरुणपणी ड्रायव्हर होते. शेठ गेले, बाई मुलीकडे परदेशी निघाल्या, बंगला विकला गेला. जाताना बाई म्हणाल्या, ‘मुलगी काय ते ठरवेल, तोवर गाडी सांभाळ.’ मुलीला विकायचं ठरवायला तीस वर्षं लागली.

‘बैलांच्या दोन जोड्या लावून आणली वढत,’ आबा सांगत होते. ‘आमचा पाऊस तुमाला ठावं. पत्रा सडतो, मग गाडीचं काय? गुरं भाईर बांधली अन् गोठा हिला दिला. चाकं ठोकळ्यावर चढवली. दर अमावस्येला फुडनं हँडल घालून इंजिन फिरवायचो. फिरवलं न्हाई तर धरतं ते. उंदरापायी गाद्यांवर निरगुडीचा पाला.’

‘आणि गुरं?’

‘गुरं भिजली थोडी,’ ते हसले. ‘कारभारीण लय बोलली.’

शेडमधल्या मिस्त्रींनीही मला तेच सांगितलं. पत्रा बराचसा नवा ठोकावा लागला, लाकडी सांगाडा बदलला, पण इंजिन मूळचं वाचलं होतं. ‘हे कुणीतरी सतत फिरवत होतं सर, नाहीतर कधीच जाम झालं असतं.’ मी ते वहीत लिहून घेतलं.

म्हणजे मला सगळं माहीत होतं.

माझा पहिला मसुदा गाडीच्या नव्या मालकांनी वाचला आणि बाजूला ठेवला. ‘चांगलंय सर, पण यात गंमत नाही. अशी गाडी भंगारात, विसरलेली सापडली पाहिजे. परीक्षकांना तेच आवडतं.’ त्यांनी एक फोटो दाखवला. गोठ्यातली गाडी, बॉनेटवर कोंबडी, टपावर पेंढा. आबांनी मला त्या दिवसाचं सांगितलं होतं. फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांनी ताडपत्री काढायला लावली, कोंबड्या सोडायला लावल्या, आणि हे कशासाठी ते काही आबांना कळलं नव्हतं.

मी नाही म्हणू शकलो असतो. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. उलट घरी येऊन लिहायला बसल्यावर मला हुरूप चढला. शेणामातीत, कोंबड्यांच्या सोबतीनं, साऱ्या जगानं टाकून दिलेली एक राणी कुणातरी पारख्याची वाट पाहत पडून होती, अशा अर्थाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य मी लिहिलं. मालकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वा म्हणाले. मला फार बरं वाटलं. आबा त्या इतिहासात कुठेच नव्हते.

प्रदर्शन लोणावळ्यातच एका हॉटेलच्या हिरवळीवर भरलं. गाडी आरशासारखी चमकत होती आणि तिच्या शेजारी माझा मजकूर मोठ्या फलकावर लावला होता. दुपारी आबा आले. स्वच्छ धोतर, टोपी, सोबत नात. ती नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कंपनीत तपासणीच्या कामावर होती, हे तिनंच सांगितलं.

आबांनी दोरीच्या अलीकडूनच गाडी डोळे भरून पाहिली. मग फलकाकडे वळले.

‘सर, हे तुमी लिवलं न्हवं? जरा वाचून दावा की. आमचं काय लिवलंय?’

मी चष्मा लावला. फलकावर बोट ठेवलं आणि जे तिथे नव्हतं ते वाचू लागलो. बैलांच्या दोन जोड्या, बाहेर बांधलेली गुरं, अमावस्येचं हँडल, निरगुडीचा पाला. बोट इंग्रजी ओळींवरून सरकत होतं आणि तोंडातून मराठी येत होतं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘सगळं लिवलंत की हो,’ एवढंच म्हणाले.

मागे नात उभी होती. तिचे डोळे माझ्या बोटाबरोबर ओळीओळीनं सरकत होते.

आबा चहाच्या टेबलाकडे गेले तेव्हा ती जवळ आली. ‘सर, मला इंग्रजी वाचता येतं.’

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

‘आता त्यांना काही सांगू नका. घरी लावायला कागद मागतायत, तुम्ही वाचलंत तसा. तेवढा द्या.’ तिचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी मालकांना फलक बदलायची विनंती केली. ते म्हणाले, ‘सर, परीक्षकांकडे कागदपत्रं कधीच गेली. आणि बक्षीसही मिळालं ना आपल्याला?’ ‘आपल्याला’ हा शब्द मला टोचला. पण तो खोटा नव्हता.

कागद मी सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि आठवड्याभरानं औंढ्याला नेऊन दिला. नातीनं तो वाचून दाखवला. आबांनी एक चूक काढली: त्या वेळी बैलांची एकच जोडी घरची होती, दुसरी भावकीतली. मी ती दुरुस्त केली.

मग त्यांनी विचारलं, ‘सर, गाडी उद्या दुसऱ्या कुणाकडं गेली, तरी तिच्यासंगं हाच कागद जानार न्हवं?’

नात चुलीकडे बघत होती.

‘व्हय आबा,’ मी म्हणालो.

गाडी गेल्या वर्षी विकली गेली. माझं ते राणीचं वाक्य तिच्याबरोबर गेलं, जाहिरातीतही छापून आलं. खाली माझं नाव नव्हतं. ते पाहून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. औंढ्याला मी त्यानंतर गेलेलो नाही.