पितरांच्या आधी चाखलेला आंबा

आमच्या भडगावच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आंबा दाखवल्याशिवाय कुणी तो तोंडात घालत नाही. त्यामुळे आंब्याची पेटी कशी निघाली हे कळायचं तेव्हा थेट रसाची वाटी समोर आलेली असायची. गेल्या वर्षी रस खाऊन सगळ्यांचे ओठ चरचरले, घसे धरले. आई म्हणाली, जास्त खाल्लात. मला काही ते पटलं नाही.

यंदा बहीण माहेरी आली ती सातव्या महिन्याची गरोदर. रसासाठी जीव टाकत होती. आखाजीच्या आदल्या दिवशी पेटी आली आणि मी लगेच नाक खुपसलं. आंबे पिवळेधमक, अगदी एकसारखे, पण वास कसला तो नाही. साल हळदीसारखी पिवळी, देठापाशी मात्र दगडासारखे कडक. तळाशी कागदाच्या चार पुड्या सापडल्या, आत राखाडी खडे.

सावद्याला माझा मित्र केळी पिकवतो, बंद खोलीत इथिलीन गॅस सोडून. ती रीत सरकारमान्य आहे. त्याला फोन लावला तर म्हणाला, "पुडी पान्यात टाकी देख. आगपेटी लांब ठेव."

अंगणात वाटीभर पाण्यात खडा टाकला. फसफसलं, आणि लसणासारखा उग्र वास सुटला. मला तर भलतीच मजा वाटली, दुसरा खडाही टाकला. आई पदर नाकाला लावून बाहेर आली. "आंबास्मा लसून कोठून उना?"

मी सांगितलं, हे कार्बाइड, वेल्डिंगवाले वापरतात ते. यातून विषारी अंश फळावर बसतो. मग बहिणीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तोंड येतं, पोटात आग पडते, उलट्या होतात. पोटातल्या बाळाला किती बाधेल? त्यांनाही नेमकं सांगता येईना. "खाऊच देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

बहीण रडकुंडीला आली. "धुईसन खासू ना माय. एकच वाटी."

 आईने पेटीतला एक आंबा धुतला, कापला आणि फोड स्वतःच्या तोंडात घातली. मी ओरडलोच. साठी उलटलेली ही बाई, आखाजीआधी आंबा तिने कधी हुंगलासुद्धा नव्हता. आणि जिभेवर कळतंच असंही नाही, हे मी सांगेपर्यंत तिने फोड गिळलीही.

थोड्या वेळाने तिने चूळ भरली. "जीभ चुरचुर करस," म्हणाली, आणि पेटी उकिरड्यावर नेऊन उलटी केली.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, पितरांच्या घागरीवर आंब्याविना नुसतं खरबूज होतं. आईने हात जोडले आणि आम्हा सगळ्यांदेखत, जरा घाबरतच, पितरांना सांगितलं, "आंबा मी उष्टा कया. रागे भरनं व्हई ते मन्हावर भरा, पोरवर नका भरू."