कोरड्या नदीतली सायकल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे, ठेवायची सोयच नव्हती. आमचं नागपूरचं घर बौद्ध. एखाद्या पाहुण्याने भूत, आत्मा, अंगात येणं असं काही काढलं की बाबा चहाचा कप खाली ठेवायचे आणि त्याला अर्धा तास समजावत बसायचे. पाहुणा पुन्हा म्हणून यायचा नाही. या सदरातले अनुभव मी ट्रेनमध्ये टाइमपास म्हणून वाचते आणि बऱ्याचदा हसते. तेव्हा माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

गोष्ट २००६च्या उन्हाळ्यातली. मी आणि माझा नवरा नीलेश तेव्हा लंडनजवळ क्रॉयडनला राहायचो, ट्राम स्टॉपपासून चार मिनिटांवर, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघंही वर्क परमिटवर. बाबा नागपुरात एकटे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं, फक्त माझ्यासाठी. "घाई नाही बेटा, तू येशील तेव्हा करू," एवढंच म्हणायचे. त्यांना डोळ्यांत थेंब टाकायला नर्स मिळाली असती. त्यांना मी हवी होते.

त्या वर्षी आमचे पासपोर्ट व्हिसा वाढवायला इथल्या सरकारी ऑफिसात पाठवलेले होते. इकडे राहणाऱ्यांना ठाऊक आहे, पासपोर्ट तिकडे असले की कुठे जाता येत नाही, आणि हे कारण असं की त्यावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. लग्न चुकवायचं असो की सासूचं आजारपण, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते कधी ना कधी वापरलेलं आहे. मे महिन्यात पासपोर्ट परत आले. किचनच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या शेजारी ठेवले. आणि जूनमध्ये मी बाबांना फोनवर सांगितलं की अजून आले नाहीत, तुम्ही ऑपरेशन करून घ्या.

कारण तीन वर्षांत आम्ही दोघांनी स्वतःसाठी एकही सुट्टी घेतली नव्हती. दर वर्षीची सगळी रजा नागपूर आणि पुण्याच्या सासरी वाटली जायची. नीलेश म्हणाला, "एकदा तरी आपल्यासाठी जाऊया." नंतर कितीतरी वर्षं मी हे त्याच्या नावावर टाकलं. पण सुचवलं त्याने असेल, बाबांशी खोटं बोलले मी. स्पेनच्या व्हिसासाठी दोघांनी एक अख्खी सकाळ रांगेत काढली. खोटं पार पाडायलासुद्धा काय मेहनत घेतली आम्ही!

जुलैमध्ये आम्ही व्हॅलेन्सियाला पोचलो, चार दिवसांसाठी. तिथली नदी फार पूर्वी शहराबाहेर वळवलेली आहे. जुन्या पात्रात आता पाण्याच्या जागी लांबच लांब बाग आहे - झाडं, पायवाटा, सायकलींचा रस्ता - आणि डोक्यावर नदीचे जुने दगडी पूल तसेच उभे. आम्ही भाड्याने सायकली घेतल्या आणि त्या पात्रातून फिरत सुटलो. पहिले दोन दिवस मी इतकी खूश होते की आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमचं भांडण झालं. विषय आठवत नाही, बहुतेक नकाशाचा. नीलेश रागाने पुढे निघून गेला. साडेबारा वाजले होते, घड्याळ बघितल्याचं पक्कं आठवतंय, कारण दीडला सायकली परत द्यायच्या होत्या. ऊन असं की बागेत चिटपाखरू नव्हतं. एका पुलाच्या अलीकडे माझ्या सायकलची चेन पडली.

मी उतरून बघते तोवर पुलाच्या सावलीतून एक म्हातारा आला. काळा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजव्या पायाच्या पँटला रबरबँड. चेहरा बाबांसारखा नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. तो कोणीही स्पॅनिश आजोबा असू शकला असता. त्याने सायकल उलटी केली, एक काडी उचलली, काडीने चेन उचलून दात्यांवर बसवली आणि उरलेली बोटांनी सरकवत पॅडल फिरवलं. मग सायकल सरळ करून सीटवर तळव्याने दोनदा थाप मारली. टप टप.

ती थाप मला माहीत होती. मी सात वर्षांची असताना बाबा मला सायकल शिकवायचे आणि प्रत्येक वेळी सोडताना सीटवर दोन थापा मारायचे. म्हणजे, जा आता, मी धरलेलं नाही. चेन पडली की ते अशीच काडी शोधायचे, तरी बोटं काळी व्हायचीच, आणि मग आईला ओरडून तेल मागायचे. "ग्रीस साबणाने जात नाही, आधी तेल लावावं लागतं," हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

त्या म्हाताऱ्याची बोटंही काळी झाली होती. मी पर्समधून टिश्यू काढून पुढे केला. त्याने घेतला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. वरून नीलेशने हाक मारली, मी मान वर केली... आणि परत बघितलं तर पुलाखाली कोणी नाही.

नीलेश वर पुलावर उभा होता. मी म्हटलं, त्या आजोबांनी चेन बसवून दिली. तो म्हणाला, "कुठले आजोबा? मी पाच मिनिटं वरून तुलाच बघतोय." सॉरी म्हणायच्या ऐवजी त्याने माझा एक फोटोही काढला होता. फोटोत मी आहे, शेजारी सायकल आहे, आणि मी हात लांब करून समोरच्या हवेला टिश्यू देते आहे. माझी बोटं स्वच्छ आहेत. नीलेशच्या मते मला ऊन लागलं होतं आणि चेन मीच बसवली. कशाने बसवली, हे तो सांगत नाही.

रविवारी क्रॉयडनहून कॉलिंग कार्डवर बाबांना नेहमीचा फोन केला. ऑपरेशन छान झालं, म्हणाले. शेजारचे वासनिक काका सोबत होते. गुरुवारी दुपारी चारला झालं. व्हॅलेन्सियातले साडेबारा म्हणजे नागपुरातले चार, हे मी मनातल्या मनात दोनदा मोजलं. मग बाबा म्हणाले,

"बेटा, मला एक स्वप्न पडलं. तू सायकल चालवून राहिली होती. नदीत. पण नदीत पाणीच नव्हतं, नुसती झाडं. वर पूल होता. असं कुठे असते का?"

मी खरं सांगू शकले असते. त्यांनी मला जागा करून दिली होती, याहून जास्त कोण काय करणार? मी म्हटलं, "काहीतरीच काय बाबा. पासपोर्ट अजून तिकडेच आहेत. मी कुठे जाणार?"

मग ते म्हणाले, "हो, तेही खरंच."

डिसेंबरमध्ये बाबा हार्ट अटॅकने गेले. या वेळी पासपोर्ट ड्रॉवरमधून एका मिनिटात निघाले.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, तेव्हा वासनिक काका माझ्याजवळ येऊन बसले. ऑपरेशनच्या दिवसाबद्दल सांगू लागले, बाबांची गंमत म्हणून.

"बाहेर आणल्यावर पहिलं काय मागावं या माणसाने? तेल. म्हणे हात काळे झाले. मी पाहिले, हात एकदम साफ. तरी नर्सबाईकडून खोबरेल घेतलं आणि पुसून दिले. म्हटलं, कशाने काळे झाले रे? तर म्हणे, पोरीची चेन पडली होती. म्हटलं, पोरगी तर तिकडे लंडनला अडकली आहे. तर म्हणे, नाही, ती फिरायला गेली आहे. बरं झालं, फार थकली होती."

काका हसले. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

म्हणजे गुरुवारीच त्यांना माहीत होतं. रागावलेही नव्हते. रविवारी त्यांना फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी त्यांना पासपोर्टची थाप पुन्हा ऐकवली. लहानपणी ज्यांनी माझी एकही थाप पचू दिली नाही, ते "तेही खरंच" म्हणाले आणि विषय मिटवला.

हे कसं झालं, मला माहीत नाही. आत्मा असतो असं मी आजही म्हणणार नाही, बाबांना ते आवडलं नसतं. नीलेश योगायोग म्हणतो, म्हणू दे. तुमच्यापैकी कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, मी वाचेन. पण मला त्याचा उपयोग नाही. तो म्हातारा कोण होता हे कळलं, तरी मी त्या रविवारी बाबांना काय सांगितलं ते बदलत नाही.